मृत्युपत्रातून सुटलेला पैसा

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एखाद्या शहराची किंवा जिल्ह्याची कायमची गंगाजळी. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या तिच्यात जमा होतात, मुद्दल गुंतवून ठेवले जाते आणि दरवर्षीच्या उत्पन्नातून त्याच हद्दीतल्या शाळा, दवाखाने, वाचनालये, भाडेकरूंच्या संघटना यांना मदत मिळते. पूर आला की उभा राहणारा मदतनिधी पूर ओसरल्यावर संपतो. ही गंगाजळी संपू नये अशाच बेताने बांधलेली असते. टाटा किंवा रॉकफेलर यांच्या न्यासांमागे एकेक घराणे आहे. इथे शेकडो देणगीदार असतात आणि त्यांच्यापैकी कोणाचाही शब्द अखेरचा नसतो. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. तिच्यासाठीच हा प्रकार शोधून काढावा लागला.

दात्याचा शब्द अखेरचा मानला तर काय होते, याचा अमेरिकेतला गाजलेला दाखला बेंजामिन फ्रँकलिनचा आहे. १७९० मध्ये तो वारला तेव्हा बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना त्याने प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. अट अशी की, उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना हा पैसा ५ टक्के व्याजाने धंदा उभारायला द्यावा, वसूल होईल तो पुन्हा कर्जाऊ द्यावा आणि हे चक्र आधी शंभर वर्षे आणि उरलेल्या रकमेतून पुढची शंभर वर्षे चालू ठेवावे. फ्रँकलिन स्वतः छापखान्यात उमेदवारी करून वर आलेला. आपल्या जागी पुढे येणारा पोरगा त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण कारखाने आले, उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून धंदा शिकण्याची रीत मोडली आणि अटीत बसणारा कर्जदार मिळेनासा झाला. दोनशे वर्षांनी, १९९० मध्ये, बोस्टनच्या निधीत सुमारे ४५ लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख. चक्रवाढ व्याजाचा चमत्कार म्हणून ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ज्याच्यासाठी पैसा ठेवला होता तो कारागीर मात्र तिच्यातून फार लवकर निघून गेलेला असतो.

दुसरा दाखला सेंट लुईस शहराचा. तिथला माजी महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारला. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुईसला थांबणाऱ्या गरीब प्रवाशांसाठी त्याने आपल्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवला. छताच्या गाड्यांचे तांडे जात होते तोवर हे ठीक होते. १८६९ मध्ये रेल्वे पॅसिफिकपर्यंत पोचली आणि गाड्यांचा काळ सरत गेला. निधी वाढत राहिला, घेणारे घटत गेले.

मुंबईकराला यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. शहरात ठिकठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या दगडी पाणपोया, प्याऊ, उभ्या आहेत. कुणा शेठने वडिलांच्या नावे बांधलेल्या, माणसांसाठी तोट्या आणि घोडे-बैलांसाठी खाली हौद. मशीद बंदरच्या भात बाजारातली १८७६ ची केशवजी नायक पाणपोई तर वर घड्याळाचा मनोरा असलेली, देखणी. व्हिक्टोरिया घोडागाड्या आणि बैलगाड्या गेल्या, घरोघरी नळ आले, आणि बहुतेक प्याऊ कोरडे पडले. दानपत्रात पाण्याचा शब्द होता. पाण्याच्या जागी दुसरे काय द्यावे, हे दाता लिहून गेलेला नसतो.

इंग्रजी कायद्याच्या जगात या अडचणीला ‘मृत हात’ म्हणत. आर्थर हॉबहाउस या इंग्रज कायदेपंडिताच्या १८८० मधल्या पुस्तकाचे नावच ते आहे. उपाय होता, पण तो कोर्टाच्या पायरीवर: मूळ हेतू अशक्य झाला तर न्यायालयाने त्याला जवळात जवळचा हेतू ठरवून द्यायचा. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही कलम ५५ आणि ५६ यांत हीच वाट आहे. धर्मादाय आयुक्तांमार्फत प्रकरण न्यायालयात जाते आणि तिथून नवी दिशा मिळते. प्रत्येक न्यासाचे वेगळे प्रकरण, वेगळे वकील, वेगळ्या तारखा. कितीतरी न्यास तसेच पडून राहतात ते विश्वस्त वाईट असतात म्हणून नव्हे, कोर्टाचा खर्च कोण करणार म्हणून.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या फ्रेडरिक गॉफने हा गुंता बँकरच्या नजरेने पाहिला. गॉफ आधी वकील, अशिलांत स्टँडर्ड ऑइलचा जॉन रॉकफेलर; १९०८ पासून क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या बँकेचा अध्यक्ष. बँकेच्या तिजोरीत गिऱ्हाइकांची मृत्युपत्रे पडून असत आणि त्यांतल्या कित्येकांचा ‘मृत हात’ होणार हे त्याला दिसत होते. २ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालकांनी एक ठराव केला आणि क्लीव्हलंड फाउंडेशन अस्तित्वात आले, या जातीची जगातली पहिली संस्था. कोणीही कितीही रक्कम ठेवावी, हवा तर हेतूही लिहावा. तो हेतू पुढे निरर्थक किंवा अशक्य झाला, तर कोर्टात न जाता समितीने तो बदलावा. या बदलाच्या अधिकारावर आजही सगळी इमारत उभी आहे.

हा अधिकार ज्यांच्या हाती द्यायचा ते पाच जण कसे निवडायचे, यावर गॉफने बराच विचार केला. दोघांना बँकेने नेमायचे. उरलेल्या तिघांना शहराचा महापौर, वारसा न्यायालयाचा न्यायाधीश आणि संघीय न्यायाधीश यांनी एकेक करून. एकाच पंथाचे दोघांपेक्षा जास्त नकोत. राजकीय पदावर असलेला किंवा पदासाठी धडपडणारा नको. पैसा सांभाळणारी बँक वेगळी, वाटणारी समिती वेगळी. यात बँकेचा काहीच फायदा नव्हता असे नाही, मुद्दल सांभाळण्याचा धंदा तिच्याकडेच येणार होता. पण सावकाराने तिजोरीची किल्ली आपल्याकडे ठेवून वाटपाचा हात गावाला देणे, हे तेव्हा नवे होते.

पहिली काही वर्षे मात्र वाटायला फारसे काही नव्हते. देणग्या मृत्युपत्रांतून यायच्या, त्यामुळे निधी भरायला आधी देणगीदार जावे लागत. हात रिकामे असताना फाउंडेशनने जे केले ते पुढच्या वाटपापेक्षा मोलाचे ठरले असे म्हणायला जागा आहे. तिने शहराची पाहणी सुरू केली. आधी गरिबांना मिळणाऱ्या मदतीची; मग लेनर्ड एअर्स यांच्या देखरेखीखाली सरकारी शाळांची, जिचा अहवाल पंचवीस भागांत निघाला; मग मैदाने आणि करमणुकीची. १९२० मध्ये शहराच्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीशच एका खुनाच्या प्रकरणात सापडला. खुनातून तो सुटला, पण खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात गेला, आणि फाउंडेशनने पोलीस, वकील, कोर्टे, तुरुंग या सगळ्याचीच पाहणी करवली. प्रमुख होते हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे डीन रॉस्को पाउंड आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले फेलिक्स फ्रँकफर्टर.

१९२२ मध्ये छापलेल्या त्या अहवालातला एक तपशील पाहण्यासारखा आहे. पाहणीकारांनी जानेवारी १९१९ ची वर्तमानपत्रे घेऊन फूटपट्टी लावली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गुन्ह्यांच्या बातम्यांनी ९२५ इंच जागा घेतली होती, दुसऱ्या पंधरवड्यात ६,६४२ इंच. पोलिसांत नोंदवलेले गुन्हे याच काळात ३४५ वरून ३६३ झाले होते. शहरात गुन्हेगारीची लाट आली आहे असे ज्याला त्याला वाटत होते. लाट आली होती ती छापखान्यात. स्थानिक गरज म्हणजे काय, हे ठरवण्यापूर्वी मोजले पाहिजे, ही सवय या संस्थांना इथून लागली. कॅनडातल्या फाउंडेशन्सनी तिला पुढे वार्षिक अहवालाचे रूप दिले. टोरांटोमध्ये २००१ पासून ‘व्हायटल साइन्स’ या नावाने घरभाडे, बस, शाळा, नोकऱ्या, नव्याने आलेल्यांचे हाल अशा गोष्टींचा ताळेबंद छापला जाऊ लागला. डॉक्टर नाडी पाहतो तसे शहर पाहायचे, आणि मग पैसा कुठे घालायचा ते ठरवायचे.

कल्पना झपाट्याने पसरली. १९१५ मध्येच शिकागो आणि बोस्टन, १९२४ मध्ये न्यूयॉर्क. आज अमेरिकेत अशी सातशेहून अधिक फाउंडेशन्स आहेत, कॅनडात दोनशेच्या आसपास. कॅनडातले पहिले विनिपेगचे. १९२१ मध्ये विल्यम अलोवे या बँकरने १ लाख डॉलर देऊन ते सुरू केले. १९२४ मध्ये तिथे एक पाकीट आले. देणाऱ्या बाईने नाव लिहिले नव्हते. आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दानावरून ही देणगी ओळखली जाते, आणि अलोवेच्या लाखाबरोबरीने ते पंधरा डॉलर तिथे आजही सांगितले जातात. एका मोठ्या माणसाचा न्यास आणि गावाची गंगाजळी यांतला फरक या पाकिटात आहे.

आता आतली यंत्रणा. समजा, एका निवृत्त मुख्याध्यापिकेने दहा लाख रुपयांइतकी रक्कम अशा संस्थेला दिली. ती म्हणू शकते, ‘शहराला जिथे गरज असेल तिथे वापरा’. हा मुक्त निधी, संस्थेला सगळ्यात हवासा वाटणारा. ती म्हणू शकते, ‘मुलींच्या शिक्षणासाठी’. मग क्षेत्र ठरले, संस्था कोणती ते समिती ठरवील. किंवा ती आपल्याच शाळेचे नाव लिहू शकते. तिन्ही बाबतींत तिची रक्कम इतर शेकडो निधींबरोबर एकत्र गुंतवली जाते, हिशेब मात्र वेगळा राहतो. निधीच्या एकूण मूल्याच्या चार-पाच टक्क्यांच्या घरातली रक्कम दरवर्षी वाटायची, उरलेले उत्पन्न महागाईला तोंड द्यायला मुद्दलात मिळवायचे, असा साधारण शिरस्ता. एकट्या माणसाला दहा लाखांचा स्वतंत्र न्यास नोंदवून, हिशेबनीस ठेवून, दरवर्षी लेखापरीक्षण करून चालवणे परवडणारे नसते. इथे ती सगळी व्यवस्था वाटून घेतली जाते.

अमेरिकेत १९६९ च्या कर-सुधारणा कायद्याने या संस्थांना वेगळे स्थान मिळाले. आपला पैसा एका घराण्याचा नाही, सर्वसाधारण लोकांकडूनही येतो, हे त्यांना दाखवावे लागते. त्या बदल्यात देणगीदाराला करसवलत जास्त मिळते आणि खासगी फाउंडेशनला असलेली दरवर्षी ५ टक्के खर्चाची सक्ती यांना नाही. ही मोकळीक पुढे कशी वापरली गेली, ते खाली येईलच.

मृत दात्याच्या हातातून पैसा सुटला; तो जिवंत माणसांच्या हाती गेला. पण कोणत्या? गॉफच्या समितीत पंथांचा तोल होता, वर्णाचा आणि वर्गाचा नव्हता. बँक आणि न्यायाधीश ज्यांना नेमतील ते त्यांच्याच ओळखीतले असणार. समतेचा प्रश्न इथे अनुदानाच्या रकमेआधी येतो. कोणाची गरज ‘शहराची गरज’ म्हणून टेबलावर येते, हे तिथे बसलेल्यांवर अवलंबून असते, आणि क्लीव्हलंडच्या पूर्व भागातल्या हफ या वस्तीची गरज बरीच वर्षे त्या टेबलावर आली नाही.

हफमध्ये १९५० मध्ये कृष्णवर्णीय लोक ५ टक्क्यांच्या आसपास होते, १९६० मध्ये ते ७० टक्क्यांच्या वर गेले. दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांना गोऱ्या उपनगरांत घर मिळत नसे, बँका कर्ज देत नसत; मग एकेका घराचे तीन-तीन भाग करून भाडे उकळले जाई. १८ जुलै १९६६ च्या संध्याकाळी, भर उन्हाळ्यात, हफ ॲव्हेन्यू आणि ७९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एका गोऱ्या मालकाच्या बारमध्ये एका कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला पिण्याचे पाणी नाकारले गेले. बाहेर जमाव जमला. सहा दिवस दंगल चालली, चार जण मेले, चौघेही कृष्णवर्णीय. महाडच्या तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला ठिणगी पाण्याचीच का पडली, हे समजावून सांगावे लागत नाही.

बदलाची सुरुवात दंगलीच्या थोडी आधी, आणि बाहेरच्या धक्क्याने, झाली होती. १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने क्लीव्हलंडमध्ये एक जोडसंस्था उभी राहिली. रुग्णालये आणि जुन्या धर्मादाय संस्थांना ठरावीक रकमा वाटण्याऐवजी शाळा, बेकारी आणि वर्णसंबंध यांत हात घालायचा, हे तिचे काम. १९६७ मध्ये ती मूळ फाउंडेशनमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी कार्ल स्टोक्स क्लीव्हलंडचे महापौर म्हणून निवडून आले, अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय निर्वाचित महापौर. १९८४ मध्ये फाउंडेशनच्या प्रमुखपदी स्टीव्हन मिंटर आले. इतक्या मोठ्या कम्युनिटी फाउंडेशनचे नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. सत्तर वर्षे लागली, ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

दरम्यान शहरच ओसरत होते. १९५० मध्ये क्लीव्हलंडची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ७२ हजार. बरेच कारखाने गेले. ज्या बँकेने हा निधी जन्माला घातला तीही विलीनीकरणांत नाहीशी झाली. गंगाजळी उरली. गिरण्या बंद पडलेल्या लालबाग-परळला असा एखादा निधी असता तर, हा विचार मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. गिरणगावात पैसा होता, तो जमिनीत होता आणि जमीन मालकांची होती.

उरलेल्या पैशातून काय करता येते याचा नमुना म्हणजे एव्हरग्रीन सहकारी संस्था. शहराच्या पूर्व भागात क्लीव्हलंड क्लिनिक, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स आणि केस वेस्टर्न विद्यापीठ अशा बलाढ्य संस्था आहेत आणि त्यांच्या भिंतीला लागून शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्या. रुग्णालयांच्या चादरी धुवायच्या असतात, भाजी लागते, दिवे-वीज लागते. हा खर्च बाहेरच्या कंपन्यांकडे जात होता. फाउंडेशनने या संस्थांना एकत्र बसवले, सुरुवातीचे भांडवल घातले आणि २००९ मध्ये एक धुलाई कारखाना निघाला. कामगार शेजारच्या वस्त्यांतले, आणि ठरावीक काळ काम केले की तेच भागीदार. पाठोपाठ सौरऊर्जेची कंपनी आली, मग २०१३ च्या सुमारास सव्वातीन एकरांच्या काचघरात सॅलडची पाने पिकवणारी. २०१८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकने आपला स्वतःचा धुलाई कारखानाही एव्हरग्रीनकडे चालवायला दिला. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्राला भागीदारीची कल्पना नवी नाही. फरक इतकाच की इथे सभासद शेतकरी नव्हता, पाळीवर उभा राहून चादरींच्या घड्या घालणारा होता. एवढ्याने क्लीव्हलंडची गरिबी हटली नाही. कामगारांची संख्या शेकड्यांतली आहे, गरिबांची लाखाच्या घरातली. २०२३ मध्ये फाउंडेशनने आपले कार्यालयही नाटकगृहांच्या झगमगत्या भागातून हलवून हफच्या कडेला, युक्लिड ॲव्हेन्यू आणि पूर्व ६६ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नेले.

या जातीच्या संस्थांवर सर्वांत टोकदार टीका होते ती दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधीवरून. हा प्रकार १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाला. देणगीदार रक्कम संस्थेच्या स्वाधीन करतो, करसवलत त्याच वर्षी घेतो, आणि पैसा कोणाला कधी द्यावा याचा सल्ला पुढे देत राहतो. कागदावर तो निव्वळ सल्ला. व्यवहारात तो मोडला जाणे दुर्मीळ. किती वर्षांत वाटले पाहिजे याचे बंधन नाही. २००७ मध्ये दोन संस्था एक होऊन सुरू झालेल्या सिलिकॉन व्हॅली कम्युनिटी फाउंडेशनकडे मार्क झुकरबर्ग यांनी २०१२ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरचे आणि २०१३ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरचे फेसबुकचे शेअर दिले. संस्था देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाली. पण दात्यांच्या सल्ल्याने जाणारा पैसा जगभर जातो, खोऱ्यातल्या भाड्याने पिचलेल्या कुटुंबांपर्यंत त्यातला थोडाच पोचतो, अशी तक्रार स्थानिक संस्था करत राहिल्या. म्हणजे मृत हात सोडवता सोडवता जिवंत हाताची पकड बसली.

महाराष्ट्र-गोव्यात सामायिक निधीची कल्पना अमेरिकेतून येण्याची वाट पाहत थांबली नव्हती. गोव्याच्या कोमुनिदाद, मूळच्या गावकाऱ्या, शतकानुशतके गावाची जमीन सामायिक ठेवत आल्या. तिच्या उत्पन्नातून खाजणांचे बांध, देऊळ किंवा चर्च, गावाची कामे, आणि उरले तर झोण म्हणून गांवकारांना वाटा. सामायिक होते, समान नव्हते: गांवकार जन्माने आणि पुरुषाच्या वंशाने ठरे, गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुळांना आणि मजुरांना त्यात जागा नव्हती. मुंबईतली कोकणी ग्रामस्थ मंडळे जास्त मोकळी. चाळीतल्या गावाच्या खोलीत राहणारे चाकरमानी महिन्याला वर्गणी काढत, त्यातून गावच्या शाळेला पत्रे, साकवाला पैसे, देवळाला जीर्णोद्धार. परदेशस्थ मराठी माणसांची १९७८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली महाराष्ट्र फाउंडेशन ही संस्था याच मंडळांची लांबची नातलग म्हणता येईल.

रीतसर कम्युनिटी फाउंडेशन म्हणून भारतात पहिल्यांदा नाव येते ते १९९१ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टचे, हद्द मुंबई. त्यानंतर ही जात इथे फोफावली नाही, आणि कारण दानत नसणे हे नव्हे. कायद्याची बांधणीच ‘आलेला पैसा त्याच वर्षी खर्च करा’ अशी आहे. करमाफी हवी तर धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च दाखवावे लागतात. मुद्दलात टाकायची देणगी दात्याने तसे लिहून दिले तरच वेगळी धरली जाते. मुद्दल थेट शेअरमध्ये घालता येत नाही. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा २०२१ पासून कायम निधीत टाकता येत नाही, म्हणजे सर्वांत मोठा झरा गंगाजळीला बंद. २०२३ पासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या रकमेतले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने परदेशातून आलेली रक्कम एका संस्थेने दुसरीकडे वळती करण्यावर बंदी आली. गोळा करणे आणि वाटून देणे हेच ज्या संस्थेचे काम, तिच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाचे डॉलर परवाना असलेल्या मुंबईच्या सामायिक निधीपर्यंत येऊ शकतात; तिथून धारावीतली बालवाडी चालवणाऱ्या संस्थेकडे जाऊ शकत नाहीत.